साठवाल तेवढे घटतील

प्रवासखर्च : साप्ताहिक सदर
– वाटसरू

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईला उतरलं आणि कंपनीचा कारभार थांबला. पगार थकलेले वैमानिक, मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढून हात चोळत बसलेली कुटुंबं आणि कर्ज देऊन अडकलेल्या बँका यांच्या बातम्या पुढे कित्येक महिने येत राहिल्या. बातमीत न आलेला आणखी एक वर्ग होता, जेपीमाइल्स साठवणाऱ्यांचा. वर्षानुवर्षं मुंबई-दिल्ली खेपा मारून जमवलेले माइल्स बुडाले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते बुडाले नाहीत. जेटप्रिव्हिलेज ही योजना विमान कंपनीपासून आधीच वेगळी काढलेली होती आणि तिचे ५०.१ टक्के भाग अबू धाबीच्या एतिहादकडे होते. त्यामुळे विमानं जमिनीवर आली तरी योजना चालू राहिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचं नाव इंटरमाइल्स झालं.

किंगफिशरच्या प्रवाशांचं नशीब एवढं बरं नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कंपनीची विमानं थांबली आणि किंग क्लबचे माइल्सही त्यांच्याबरोबर गेले.

माइल्स जमवायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात. कार्डांच्या जाहिराती नंतर. खात्यात दिसणारा आकडा आपला वाटतो, पण तो कंपनीच्या मर्जीवर असतो. कुठल्याही योजनेच्या अटी उघडा, माइल्सची किंमत, मुदत आणि नियम बदलण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखलेला सापडेल. म्हणून या सदराचं मत सरळ आहे: माइल्स जरूर जमवावेत, पण कुठे जायचं ते ठरवून, आणि जमले की लगेच वापरावेत.

हा खेळ अमेरिकेत सुरू झाला. १९७८ मध्ये तिथल्या सरकारने विमानभाड्यांवरचं नियंत्रण उठवलं. आता न्यूयॉर्कहून शिकागोला कुणीही कितीही भाड्यात नेऊ शकत होतं. गिऱ्हाईक टिकवायचं कसं, या विवंचनेतून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी अ‍ॅडव्हान्टेज योजना काढली. नेहमीचे प्रवासी शोधण्यासाठी आरक्षणाच्या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर तपासले गेले. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना आणली. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर क्रेडिट कार्ड काढलं आणि मग विमानात पाऊल न ठेवता, किराणा भरूनही माइल्स मिळू लागले.

खरा धंदा इथून पुढे वाढला. विमान कंपनी बँकेला माइल्स घाऊक भावात विकते आणि बँक ते कार्डधारकांना वाटते. एकट्या डेल्टा कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसकडून ६.८ अब्ज डॉलर मिळाले. कोविडच्या वर्षात युनायटेडला कर्ज हवं होतं, तेव्हा तिने विमानांऐवजी माइल्सची योजनाच तारण ठेवली. सल्लागारांनी या योजनेची किंमत काढली सुमारे २२ अब्ज डॉलर. त्या दिवसांत शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडचं मोल त्याहून कमी होतं! माइल्स फुकट वाटले जातात, असा समज असणाऱ्यांनी हे आकडे जरा डोळ्यांखालून घालावेत.

आता सुरुवात कशी करायची ते पाहू. बहुतेक योजनांचं सदस्यत्व मोफत असतं आणि पाच मिनिटांत मिळतं. गंमत अशी की आपल्याकडे नेमका हाच टप्पा हुकतो. पुण्याचं एखादं निवृत्त जोडपं मुलीकडे न्यू जर्सीला जातं. तिकीट जावई काढतो, पैसे त्याच्या कार्डावरून जातात आणि माइल्सही त्याच्याच खात्यात पडतील, असं सगळे गृहीत धरतात. तसं होत नाही. प्रवासाचे माइल्स खुर्चीत बसणाऱ्याला मिळतात. जावयाला मिळाले तर कार्डाचे गुण तेवढे. आजीचं वेगळं खातं, आजोबांचं वेगळं. दोघांची खाती नसतील तर मुंबई-नेवार्क-मुंबईचे हजारो मैल हवेत जातात. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्ससारख्या काही योजनांत कुटुंबाचं सामाईक खातं करता येतं. तिथे घरातल्या सगळ्यांचे थेंब एका तळ्यात साचतात.

खातं उघडताना नावाचं भान ठेवावं. मराठी माणसाच्या पासपोर्टात आडनाव एका ओळीत असतं. स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. तिकिटावर ही दोन्ही नावं जोडून एकच लांब शब्द होतो. खात्यावर मात्र हौसेने नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकलेलं असतं. संगणकाला दोन्ही माणसं वेगळी वाटतात आणि माइल्स अडकतात. मग ईमेल, बोर्डिंग पासचा फोटो, पुन्हा ईमेल. राहून गेलेले माइल्स मागायची मुदत काही महिन्यांचीच असते, म्हणून माइल्स जमा झालेले दिसेपर्यंत बोर्डिंग पासचा तो चिटोरा टाकू नये. घरातल्या एखाद्याने लग्नानंतर नाव बदललं असेल, तर पासपोर्टाबरोबर ही खातीही बदलून घ्यावीत.

दुसरा प्रश्न, कुणाच्या योजनेत? दर खेपेला नव्या कंपनीचं नवं खातं काढलं, तर पाच ठिकाणी पाच चिल्लर रकमा पडून राहतात. यावर कंपन्यांच्या युती उपयोगी पडतात. १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स स्थापन केली. एअर इंडिया तिच्यात जुलै २०१४ मध्ये गेली. वनवर्ल्ड आणि स्कायटीम या दुसऱ्या दोन. आपलं पुण्याचं जोडपं एका वर्षी फ्रँकफर्टमार्गे लुफ्तान्साने गेलं, पुढच्या वर्षी इस्तंबूलमार्गे टर्किशने आणि तिसऱ्या वर्षी एअर इंडियाने, तरी तिन्ही वेळा एकाच स्टार अलायन्स खात्याचा क्रमांक देता येतो. मधेच एमिरेट्सचं स्वस्त तिकीट दिसलं तर मात्र साखळी तुटते, कारण एमिरेट्स कुठल्याच युतीत नाही. स्वस्त तिकीट सोडून माइल्सच्या मागे धावावं का? अजिबात नाही. दहा हजार रुपये वाचत असतील तर ते खिशात घालावेत.

भागीदार कंपनीच्या विमानाने जाताना आणखी एक बारीक गोष्ट असते. ई-तिकिटावर भाड्याच्या वर्गाचं एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. शेजारी-शेजारी बसून तोच चहा पिणाऱ्या दोन प्रवाशांची ही अक्षरं वेगळी असू शकतात, आणि त्यावरून एकाला पूर्ण माइल्स मिळतात, दुसऱ्याला चतुर्थांश किंवा काहीच नाही. अगदी स्वस्तातल्या अक्षरांवर बहुधा गंगाजळी कोरडी.

देशांतर्गत प्रवासाचा हिशेब वेगळा. एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये अंतराचं माप सोडून खर्चाचं धरलं: पहिल्या पायरीच्या सदस्याला दर १०० रुपयांना ६ गुण, सर्वांत वरच्याला १०. त्याच वर्षी नोव्हेंबरात विस्तारा तिच्यात विलीन झाली, क्लब विस्ताराचे सदस्य इकडे आले आणि जुन्या फ्लाइंग रिटर्न्सचा महाराजा क्लब झाला. आता समजा, मुंबई-नागपूर तिकिटात कर वगळून मूळ भाडं ५,००० रुपये आहे. गुण मिळाले ३००. मोफत तिकिटाला काही हजार गुण लागतात. दिवाळीत आणि मेमध्ये माहेरी जाऊन येणाऱ्या बाईने या वेगाने कधी फुकट उडायचं, ते तिनेच मोजावं. इंडिगोचं तर आणखी न्यारं. देशातल्या निम्म्याहून जास्त प्रवाशांना नेणाऱ्या या कंपनीने २००६ पासून २०२४ पर्यंत प्रवाशांसाठी स्वतःची अशी योजनाच काढली नव्हती. ब्लूचिप आली ती २०२४ मध्ये. गिऱ्हाईक आपणहून दारात उभं असेल तर त्याला गोंजारायचं कशाला?

म्हणजे भारतात माइल्सचा मोठा ओघ क्रेडिट कार्डातूनच येतो, आणि हौशी मंडळींची खरी चर्चाही त्यावरच चालते. या चर्चेत अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाची गोष्ट अजून निघते. वर्षाला १०,००० रुपये अधिक जीएसटी अशी फी होती. महिन्याला एक लाख रुपये खर्च केले की २५,००० एज पॉइंट्स वरकड मिळायचे. पाच पॉइंट्सचे चार माइल्स होत, म्हणजे या वरकडीचेच दरमहा २०,००० माइल्स. सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, मित्रांच्या जेवणाचं बिल, सगळं मॅग्नसवर घालून लोक लाखाचा आकडा गाठत. अशी उधळण कुठलीही बँक फार काळ करत नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून ती मासिक वरकड बंद झाली, फी १२,५०० झाली आणि साध्या मॅग्नससाठी पाच पॉइंट्सचे चारऐवजी दोनच माइल्स होऊ लागले. ज्याने पाच लाख पॉइंट्स जपून ठेवले होते, त्याचे ३१ ऑगस्टला चार लाख माइल्स झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन लाख राहिले. कांदाचाळीत ठेवलेल्या कांद्यासारखी ही गत: नग मोजाल तर तेवढेच, वजन घटलेलं.

त्यामुळे कार्ड घ्यावं की नाही, याचं उत्तर आधी स्वतःच्या बिलाला विचारावं. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्यासाठीच हा खेळ आहे. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं; एका महिन्याच्या थकबाकीत काही महिन्यांचे माइल्स धुऊन निघतात. माइल्ससाठी नको असलेला फ्रीज घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि तरी या छंदाला एक खट्याळ बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने हेल्दी चॉइस या खाद्यपदार्थांच्या ब्रँडची योजना बारकाईने वाचली. दहा वेष्टनांवरच्या बारकोडला ५०० माइल्स, लवकर पाठवले तर १,०००. सर्वांत स्वस्त माल त्याला सापडला तो २५ सेंटला मिळणारा पुडिंगचा डबा. त्याने असे १२,१५० डबे घेतले, खर्च सुमारे ३,१४० डॉलर. एवढे बारकोड काढणार कोण? त्याने डबे साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. हाती साडेबारा लाख माइल्स आले, वर दानाबद्दल करात सूटही. या प्रकरणावरून पॉल थॉमस अँडरसनच्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ या २००२ च्या चित्रपटातला एक धागा आला.

माइल्स खर्च करताना मात्र एवढी करामत लागत नाही, साधी वजाबाकी आणि भागाकार पुरतो. समजा, तिकीट रोख ९,००० रुपयांना मिळतंय. माइल्सवर घेतलं तर १२,००० माइल्स आणि वर १,८०० रुपये कर. म्हणजे वाचले ७,२०० रुपये, एका माइलला ६० पैसे. हाच हिशेब मिक्सर, घड्याळ किंवा दुकानाच्या व्हाउचरला लावला की माइलची किंमत बहुधा आणखी खाली जाते. उलट लांबच्या प्रवासात, बिझनेस क्लासमध्ये ती बरीच वर चढते, कारण तिथलं रोख भाडं अवाच्या सवा असतं. फक्त ‘मोफत’ या शब्दावर जाऊ नये. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज अशा कंपन्या माइल्सच्या तिकिटावरही कंपनीचा अधिभार लावतात, आणि तो कधी कधी एवढा असतो की रोख तिकीट परवडावं. एअर कॅनडाच्या एअरोप्लॅनने २०२० मध्ये हा अधिभार काढून टाकला. म्हणून त्याच लुफ्तान्साच्या विमानातली तीच खुर्ची कुणाच्या माइल्सनी घेतली, यावर पैसे कमी-जास्त लागतात.

कार्यालयाच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे माइल्स कोणाचे, हा प्रश्न कुठल्याही देशात टाळता आलेला नाही. २००२ मध्ये जर्मनीत सरकारी दौऱ्यांचे माइल्स खासगी कामाला वापरल्यावरून गदारोळ झाला आणि बर्लिन राज्याचे अर्थव्यवहार खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नॉर्वेने देशांतर्गत उड्डाणांवर माइल्स द्यायलाच बंदी केली. ती २०१३ पर्यंत टिकली. भारत सरकारच्या कर्मचाऱ्यांनीही असे माइल्स सरकारी प्रवासासाठीच वापरावेत अशी सूचना आहे. खासगी नोकरीत ते बहुधा कर्मचाऱ्याकडेच राहतात, तरी कंपनीचं प्रवास धोरण एकदा वाचलेलं बरं.

उरला वेळेचा भाग. माइल्सवर द्यायच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि बऱ्याच कंपन्यांची आरक्षणं साधारण ११ महिने आधी उघडतात. मे महिन्यात नातवंडांकडे जायचं असेल तर आदल्या जून-जुलैत शोधाला लागावं. मार्चमध्ये शोधणाऱ्याला मधली दोन दिवसांची वस्ती घालून आडवळणाचं तिकीट मिळेल. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी बाद होतात, तेव्हा जुने आधी वापरले जातील असं बघावं. माइल्सचं तिकीट रद्द करता येतं, थोडं शुल्क कापून माइल्स खात्यात परतही येतात. मात्र मधल्या काळात त्यांची मुदत उलटून गेली असेल तर काही योजना ते परत देत नाहीत. म्हणून रद्द करण्याआधी खात्यातली तारीख बघून घ्यावी.