पाच हजारांखालची सायकल

विम्याचे मूळ तत्त्व क्षतिपूर्तीचे आहे, म्हणजे विमाधारकाला हानीपूर्वीच्या आर्थिक स्थितीत परत आणणे आणि त्याहून अधिक काही न देणे. त्यामुळे वस्तू कोणाची, नेमकी कोणती आणि किती किमतीची, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर असल्याखेरीज विम्याचा व्यवहार पुढे सरकत नाही. मोटारसायकलीची ही उत्तरे तिच्या नोंदणी प्रमाणपत्रात मिळतात, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ नुसार तिला त्रयस्थाच्या हानीचा विमाही सक्तीचा आहे. पायाने चालवायची सायकल या कायद्याच्या व्याख्येत बसत नसल्याने तिला ना नोंदणी, ना क्रमांक, ना विम्याची सक्ती.

ऐच्छिक विमा मात्र जुनाच आहे. सर्वसाधारण विम्याच्या सरकारी कंपन्यांच्या घरगुती पॉलिसीत सायकलचा वेगळा विभाग असतो आणि त्यात आग, चोरी व अपघात यांच्या जोडीला सायकलस्वाराच्या धक्क्याने दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाईही धरलेली असते. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा असूनही सर्वांत कमी वाचला जातो. उलट गंज आणि झीज वगळलेली असते, हे खाडीकाठच्या दमट हवेत सायकल ठेवणाऱ्याने आधीच ओळखावे. सुटे भागही एकटे चोरीला गेले तर भरपाई नाही. दिवा किंवा पंप सायकलसकट गेला तरच तो हिशेबात येतो. (चोराने इतका विचार करावा, अशी अपेक्षा दिसते.)

खरी अडचण दावा करताना येते. जुन्या किंवा नव्या पनवेलमधून सायकलने स्थानक गाठायचे, ती बाहेर कुलूप लावून उभी करायची आणि हार्बरची लोकल पकडायची, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांची सायकल बहुधा साधी आणि काही वर्षे वापरलेली असते. घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किंमतघट, वजा केल्यावर तिचे मूल्य सहज पाच हजार रुपयांखाली येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये नेमकी हीच रेषा आखली आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, तर नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टानुसार तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे पोलीस त्याची नोंद घेतात, ज्याला लोक ‘एनसी’ म्हणतात, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. विमा कंपनी मात्र चोरीच्या दाव्यासाठी सामान्यतः प्राथमिक माहिती अहवाल मागते आणि पुष्कळदा तपास संपल्याचा कागदही मागते, ज्याला महाराष्ट्रात गुन्हा खरा पण चोर सापडला नाही या अर्थाने ‘अ समरी’ म्हणतात. जिथे तपासच सुरू होत नाही, तिथे तो संपल्याचा कागद कोठून यावा? पन्नास हजारांच्या गिअरवाल्या सायकलला हा अडथळा नाही, आणि परिणामी विमा त्याच वर्गाच्या उपयोगाचा उरतो, ज्याची सायकल रात्री सदनिकेच्या आत असते.

नोंदणी किंवा क्रमांक नसण्याची सायकलची ही ओळखहीनता पूर्वापार नव्हती. पुण्यासह राज्यातील अनेक शहरांत नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा क्रमांकित बिल्ला देत; कर नकोसा असला तरी त्यामुळे सायकलीची कुठेतरी नोंद राही. जपानने १९९४ मध्ये चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्याने बंधनकारक केली. पुढे एका शाळकरी मुलाच्या सायकलीच्या धडकेत जबर जखमी झालेल्या महिलेच्या प्रकरणात कोबे येथील न्यायालयाने २०१३ मध्ये मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन देण्यास सांगितले, आणि २०१५ मध्ये कोबे ज्यात येते त्या ह्योगो प्रांताने सायकलस्वारांना दायित्व-विमा सक्तीचा केला. आधी नोंदणी आणि मग विमा, हा क्रम येथे लक्षात घ्यावा.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची आणि महानगरपालिका २०१६ ची; यापैकी दुसरीने स्थानकाजवळच्या वाहनतळावर सायकलींची नोंदवही ठेवली, तर तो खर्च फारसा नसेल. तोवर उरतो तो सायकलच्या सांगाड्यावर, पायडलच्या आसाजवळ ठोकलेला फ्रेम क्रमांक. दुकानदाराने तो पक्क्या बिलावर लिहून दिला तर मालकी आणि ओळख दोन्ही सिद्ध होतात. पण सायकलच्या दुकानात पक्के बिल मागणारा ग्राहक विरळा, आणि जुनी सायकल हातोहात घेणाऱ्याला तर तेही मिळत नाही.