पोहे आणि पोहा

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. ‘बाहेर मिळतात ते पोहे म्हणजे काही पोहे नव्हेत!’ तक्रारीचा आरंभ व्याकरणापासूनच होतो. आपली गृहिणी पोह्यांना सदैव अनेकवचनाचा मान देते. पोहे भिजतात, पोहे निथळतात, पोहे वाफेला ठेवले जातात. हिंदीत हेच सारे दाणे एकत्र येऊन एकवचनी ‘पोहा’ होतात, आणि आपल्या घरातले चौथीतले चिरंजीव जेव्हा ‘आई, मला पोहा दे’ म्हणतात, तेव्हा आजीच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी केवळ पोह्यांसाठी नसते, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको.

या तक्रारीचा निवाडा करावयाचा तर प्रत्यक्ष हातगाडीपाशी उभे राहूनच करावा. त्यासाठी भोपाळचे बाग सेवनिया हे ठिकाण फार सोयीचे. नर्मदापुरमकडे, म्हणजे २०२२ पूर्वीच्या होशंगाबादकडे, जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूची ही वस्ती. एका अंगाला बरकतउल्ला विद्यापीठ, जवळच साकेतनगरात २०१२ साली सुरू झालेल्या ‘एम्स’चे मोठे रुग्णालय, आणि पलीकडे भेलच्या कारखान्यामुळे वाढलेली नगरे. त्यामुळे सकाळी बाजारातल्या गाड्यांपुढे विद्यार्थी, कामगार, रुग्णांचे नातलग आणि फिरावयास निघालेले निवृत्त गृहस्थ एकाच रांगेत उभे दिसतात.

आता तो पोहा कसा होतो ते पाहावे. आपल्या घरी पोहे मोजक्या माणसांसाठी होतात. कांदा फोडणीत परततो, पोहे वाफ धरतात न धरतात तोच ताटल्या पुढे येतात. गाडीवाल्याला मात्र पहाटे एकदा केलेला जिन्नस तीन-चार तास मऊ आणि गरम ठेवावयाचा असतो. विस्तवावर ठेवले तर पोहे कडक होणार. म्हणून तो खाली उकळत्या पाण्याचे पातेले ठेवतो आणि वर पोह्यांची परात, की वाफ सतत खालून लागत राहावी. परतलेला कांदा इतका वेळ तग धरीत नाही, त्याला वास येऊ लागतो. तेव्हा कांदा कच्चाच, बारीक चिरून, आयत्या वेळी वरून. वाफेने पोह्यांचा कुरकुरीतपणा पार जातो, तो शेव भरून काढते. फोडणीचा ताजा खमंगपणा उरत नाही, त्याची उणीव जिरावण मसाला पुरी करतो. जिरे, आमचूर, काळे मीठ, हिंग असे पदार्थ त्यात असतात आणि माळव्यात तो घरोघरी असतो. बडीशेपेचा दाणा मध्येच दाताखाली येतो आणि शेजारी गरम जिलबी असते. ज्याला आपण बिघडलेला पदार्थ म्हणतो, त्यातली एकेक गोष्ट अशी कारणाने आलेली आहे. माझे मत विचाराल तर हे शास्त्र आपल्या फोडणीपेक्षा तसूभरही कमी प्रतीचे नाही. चव मात्र निराळी आहे, आणि ती निराळी म्हणूनच खावी.

शिवाय ‘आपले पोहे’ म्हणजे तरी कोणते? १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. नागपूरकरांना हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतल्याखेरीज पोहे खाल्ल्यासारखे वाटत नाहीत. कोकणातून आलेल्या घरात ओल्या नारळाचे दडपे पोहे. ते तर शिजवावेच लागत नाहीत. पुणेकर कांदेपोह्यांवर लग्ने जमवितात. ग्वाल्हेर-इंदूरकडची जुनी घराणी पोह्यांवर शेव घालीत आली, त्यांना कोणी परप्रांतीय म्हणत नाही!

साबुदाण्याच्या खिचडीचेही तेच. माळवी पद्धतीने ती गाडीवर वाफेत ठेवतात आणि मागणीप्रमाणे मसाला, मिरची, लिंबू व बटाट्याचा तळलेला कीस मिसळून देतात. आजी तिला उपासाची मानीत नाही. परंतु साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची या चौघांचेही माहेर अमेरिका खंड आहे, आणि आजचा साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूतील सेलम भागातून येतो. आपली एकादशी इतक्या दुरून आलेल्यांच्या जिवावर पार पडत असताना गाडीवाल्याच्या सोवळ्याची चौकशी कशाला?

पावसाळ्यात ‘भुट्टे का कीस’ निघतो. कोवळे कणीस किसून, तुपात परतून, दुधात शिजविलेला. पुस्तकी हिंदी ज्याला ‘कद्दूकस करना’ म्हणते, तेथे माळव्याच्या जिभेवर आपला ‘कीस’ नांदतो, ही मौज आहे. मुगाचे मंगोडे म्हणजे आपली मूगभजी; हिरव्या चटणीसह उत्तम.

पण या बाजारात खाण्यापेक्षा ऐकण्याजोगे अधिक आहे. बैतूल, मुलताई, सौंसर, पांढुर्णा हा सारा मुलूख मध्य प्रदेशात असूनही तेथील कितीतरी घरांतून मराठी बोलली जाते, आणि तेथून रुग्णाला घेऊन ‘एम्स’ला येणारे लोक नागपूरच्या लोहमार्गाने भोपाळला उतरतात. रात्रभर रुग्णापाशी जागलेला असा एखादा शेतकरी गाडीपुढे येतो आणि सोबत्याला म्हणतो, ‘मले जरासं तिखट सांगजो.’ आमच्या वसाहतीतली मंडळी ही बोली ऐकून गालात हसतात, आणि त्यांचीच नातवंडे घरी ‘पोहा’ मागतात! त्या शेतकऱ्याचे मराठी कोणत्याही मंडळाच्या आश्रयावाचून टिकले आहे. त्याच्याशी दोन शब्द मराठीत बोलावे. परगावी, दुखणाईत माणूस सोबत असता, आपल्या भाषेत ‘कोण आजारी आहे हो?’ एवढा प्रश्नसुद्धा किती मोठा आधार असतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. आणि नातवंडांना बरोबर न्यावे. मराठी ही केवळ आजीची, घरात बोलायची भाषा आहे अशी त्यांची जी समजूत झालेली असते, ती तेथे आपोआप दूर होते.

रविवारी एकदा घरचे कांदेपोहे मुलांच्याच हातून करवून घ्यावे. धुऊन चाळणीत किती वेळ ठेवायचे, हे पुस्तकातून कळत नाही, बोटांनाच कळते. पुढच्या रविवारी त्याच मुलांना बाजारात पिटाळावे. सोबत स्टीलचा डबा अवश्य द्यावा. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावले आहे, पण रद्दीचा मोह अजून सुटलेला नाही. शेव निराळी बांधून घ्यावी, नाहीतर घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. जिलबी मात्र डब्यात घेऊ नये. ती तेथेच, उभ्या उभ्या, हात पोळत असतानाच संपवावी.