सावकाश भिनणारे विष

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हाताचा कंप दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. वाढते वय हे यामागचे मोठे कारण. काही घराण्यांत जनुकांचाही वाटा असतो. बाहेरून आलेले विष या पेशी मारू शकते, हे मात्र 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात लख्ख दिसले. ‘एमपीटीपी’ मिसळलेले अमली द्रव्य टोचून घेतलेली तरुण माणसे थोड्याच दिवसांत पार्किन्सनच्या रोग्यांसारखी ताठरली. या विषाचे शरीरात जे रूप होते, त्याच्याशी पॅराक्वाट या तणनाशकाची रचना मिळतीजुळती आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत हा आजार सुमारे अडीचपट आढळला. फ्रान्सने 2012 पासून तो कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य आजार मानला आहे.

तमिळमध्ये कीटकनाशकाला ‘पूच्चि मरुंदु’, म्हणजे किड्यांचे औषध म्हणतात. मराठी शेतकरीही ‘औषध मारतो’. पाठीवरचा पंप गळतो, बनियन भिजते, ते अंगावरच वाळते. औषधाची भीती कशी वाटणार? 2023 च्या सुरुवातीला चेन्नईतून तमिळनाडू सरकारने क्लोरपायरिफॉससह सहा कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली, ती आत्महत्या रोखण्यासाठी. हेतू योग्यच होता. पण क्लोरपायरिफॉसचा पार्किन्सनशीही संबंध आढळला आहे, आणि वर्षानुवर्षे भिनणाऱ्या विषाला 60 दिवस पुरत नाहीत. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीत शेतकरी, शेतमजूर दगावले तेव्हा देश हादरला. वीस वर्षांनी थरथरणारा हात मात्र कोणी फवारणीशी जोडत नाही.

शहरातला धोका वेगळा आहे. चेन्नईतल्या अंबत्तूरसारख्या औद्योगिक वसाहतींत धातूचे सुटे भाग बनतात. अशा भागांवरचे तेल काढायला जगभर ट्रायक्लोरोइथिलीन वापरले गेले. ते जमिनीत झिरपते आणि विहिरी-बोअरवेलपर्यंत पोहोचते. अमेरिकेतल्या लजून लष्करी तळावर असे पाणी प्यायलेल्या सैनिकांत पार्किन्सनचा धोका 70 टक्क्यांनी जास्त असल्याचे 2023 मध्ये दिसून आले. वेल्डिंगच्या धुरातले मँगनीज पार्किन्सनसारखाच, पण वेगळा विकार घडवते.

संपर्कात आलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. तरीही धोका कमी करण्यासारखे बरेच आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, काम संपताच अंघोळ करावी, ते कपडे वेगळे धुवावेत. विषाचा रिकामा डबा पाण्याला कधीही वापरू नये. कारखान्यात तेल काढायला पाण्यात मिसळणारी द्रावणे वापरावीत, धूर ओढून घेणारे पंखे बसवावेत. वसाहतीलगतच्या बोअरवेलचे पाणी तपासून घ्यावे. ट्रायक्लोरोइथिलीन सापडले तर कार्बनचा फिल्टर ते बरेचसे रोखतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो.

हातमोज्यांची जबाबदारी मजुरावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे. भारतातही त्यावर देशभर कायमची बंदी हवी.