ताटाचा हिशेब कुणी मांडायचा?

‘चौरस आहार, निरोगी घर’ या लेखात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांची भलामण वाचली. सल्ला चुकीचा नाही, पण तो कुणाच्या खिशाकडे पाहून दिला आहे? त्या तत्त्वांत सुचवलेल्या ताटात माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिली दूध आणि ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आहेत. चौघांच्या घरात रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी! बदाम राहू द्या, नुसते शेंगदाणे घेतले तरी महिन्याला सव्वाचार किलो. त्यात पावसाळ्यात मेथीची जुडी निवडायला बसावे, तर निम्मी देठे आणि चिखलच निघतो.

लेखिकाबाई म्हणतात, सवयी बदला. बदलू की, पण रेशनवर येतात गहू-तांदूळ. शाळेतल्या अंड्यांचा निधीही राज्य सरकारने जानेवारी २०२५मध्ये बंद केला आणि हवी तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. केंद्राने तक्ता द्यायचा, राज्याने अंडे काढून घ्यायचे आणि बोल मात्र आईला लावायचा, हा कुठला न्याय?

पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक ताटाखाली त्याचा बाजारभावाने होणारा खर्च छापावा. आणि रेशनवर नियमित डाळ द्यावी.

– एक गृहिणी, सोलापूर