मोबाईलवरचे पोस्टमॉर्टेम

गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत एक नवाच तज्ज्ञ जन्माला आला आहे. तो कोणत्या मेडिकल कॉलेजात शिकलेला नाही, शवागाराची पायरी त्याने कधी चढलेली नाही, पण मृताच्या गळ्यावरचा वळ पाहून तो दोन मिनिटांत निकाल देतो, "हा गळफास नव्हे, हा खूनच!" रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना, कारखान्यात डब्याच्या सुट्टीत, वाडीवर संध्याकाळी, सगळीकडे हेच दृश्य. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये मृतदेहाचा फोटो आणि भोवती चार माणसे.

आम्ही हे हसण्यावारी नेत नाही. त्यामागची भावना खरी आहे. गरिबाच्या मृत्यूचा छडा लागत नाही, कागद दाबले जातात, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. संशय घेण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे. प्रश्न एवढाच, की तो कधी घ्यायचा आणि कशावर बोट ठेवून घ्यायचा?

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचे प्रकरण वाचकांना आठवत असेलच. १४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या घरात तो मृतावस्थेत सापडला. निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडवून त्या दिवशी अकराच दिवस झाले होते. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांत अजून वीज आली नव्हती. टाळेबंदीमुळे कामधंदा बंद. माणसे घरात बसून, आणि मोबाईल कुठूनतरी चार्ज करून आणलेला! त्याच दिवशी मृतदेहाचे फोटो फिरू लागले. असे फोटो पसरवू नका, असा इशारा महाराष्ट्र सायबरला द्यावा लागला. तो ऐकला कोणी? पुढचे कित्येक महिने लाखो लोक गळ्यावरच्या खुणेचा रंग, कापडाची लांबी आणि छताची उंची मोजत बसले.

तिकडे खरे काम काय चालले होते? जुहूच्या कूपर रुग्णालयात शवविच्छेदन झाले. पाच डॉक्टरांच्या सहीचा अहवाल आला, त्यात गळफासामुळे श्वास कोंडून मृत्यू असे कारण होते. व्हिसेरा कलिन्याच्या प्रयोगशाळेत गेला. १९ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉ. सुधीर गुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने सगळे कागद आणि राखून ठेवलेला व्हिसेरा पुन्हा तपासला. गळफासाखेरीज अंगावर दुसरी जखम नाही, झटापटीची खूण नाही, विष नाही, असे मत त्या मंडळाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिले. पुढे मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दाखल केला.

दरम्यान त्याची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्ती, अमली पदार्थांच्या प्रकरणात जवळजवळ महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहून आली. तुरुंगात जाण्याच्या कितीतरी आधी मोबाईलवाल्यांनी तिला खुनी ठरवून टाकले होते. एखाद्या बाईला चेटकीण ठरवणाऱ्या गावात आणि या मंडळींत आम्हाला फार फरक दिसला नाही. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रकरणाच्या निमित्ताने प्रसारमाध्यमांना बजावले की, तपास चालू असताना घटनेचे नाट्यरूपांतर करून दाखवू नका, आत्महत्या केलेल्या माणसाच्या स्वभावावर शिंतोडे उडवू नका. निकाल चांगला होता, पण तोवर चिखल उडायचा तेवढा उडून गेला होता.

आता फोटोत दिसते काय, तेही पाहू. मृत्यूनंतर रक्ताचे अभिसरण थांबते आणि रक्त अंगाच्या खालच्या बाजूला साकळते. माणूस उताणा पडला असेल तर पाठीवर, लटकत असेल तर पायांवर आणि हातांच्या पंजांवर काळसर जांभळे डाग उठतात. काही तासांत ते पक्के होतात. आंघोळ घालताना ते डाग दिसले की घरात हाहाकार उडतो, "मारलंय हो ह्याला!" आता हा माराचा वळ की साकळलेले रक्त, हे डॉक्टर त्या जागी छेद देऊन ठरवतात. माराच्या जखमेत रक्त मांसात मुरून गोठलेले असते, साकळलेल्या डागात तसे नसते. फोटोला छेद देता येत नाही.

दुसरी नेहमीची शंका म्हणजे, "पाय जमिनीला टेकले होते, मग फास कसा लागेल?" लागतो. गळ्याच्या शिरा दाबल्या जायला सगळ्या शरीराचे वजन लागत नाही. बसलेल्या, अर्धवट झोपलेल्या अवस्थेतही असे मृत्यू होतात. गळफासाचा वळ साधारणपणे तिरका, गाठीकडे चढत गेलेला आणि गाठीपाशी तुटलेला असतो, तर दोरीने गळा आवळल्याचा वळ आडवा आणि सलग असतो. हे पुस्तकातले ढोबळ नियम आहेत आणि दोन्हीला अपवाद आहेत. म्हणूनच गळ्याच्या आतल्या पेशी आणि कंठाजवळचे हाड उघडून पाहावे लागते.

आपल्या किनाऱ्यावरचे आणखी एक उदाहरण. खाडीत किंवा समुद्रात दोन दिवस राहिलेल्या देहाच्या पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या गेलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटते, हालहाल करून मारले. पुष्कळदा ते मासे आणि खेकड्यांचे काम असते. पण याचा अर्थ बुडूनच मेला असाही होत नाही! मेलेल्याला पाण्यात टाकले असेल तर? त्यासाठी हाडातला मगज तपासतात. पाण्यात डायटम नावाचे अतिसूक्ष्म शेवाळ असते. माणूस जिवंतपणी पाणी श्वासात घेत बुडाला, तर ते रक्तावाटे मगजापर्यंत पोहोचू शकते. हीसुद्धा खात्रीची किल्ली नव्हे, इतर खुणांशी ताडूनच तिचा उपयोग. सर्पदंशाचेही तसेच. फुरसे आपल्याकडे पावलोपावली, आणि त्याच्या दाताची खूण कधीकधी डॉक्टरांनाही शोधावी लागते.

सांगायचा मुद्दा हा की, मृत्यूचे कारण पहिल्या एक-दोन दिवसांत कागदावर उतरते किंवा कायमचे निसटते. तेव्हा जे पाहिले नाही, राखले नाही, लिहिले नाही, ते नंतर हजार लोकांनी फोटो मोठा करून पाहिला तरी परत येत नाही.

खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे होते की पुरलेले देह बाहेर काढून पुन्हा तपासणी करावी लागली. तोवर उशीर झाला होता. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण बलात्काराचा आरोप न्यायालयापुढे उभाच राहिला नाही. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, रत्नागिरीकरांनाही तो संताप आठवत असेल. मोर्च्याने सरकार हलले, पण वेळेत न घेतलेला नमुना मोर्च्याने मिळत नाही.

याच्या उलट परभणी पाहा. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली. तीत सापडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात सांगितले की मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. परंतु शवविच्छेदन परभणीत उरकले गेले नव्हते. देह छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेला होता आणि तिथल्या डॉक्टरांनी कारण लिहिले होते : अनेक जखमांमुळे आलेला धक्का. या एका ओळीने पुढचे सगळे घडवले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आई उच्च न्यायालयात गेल्या, त्यांच्या बाजूने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. मुंबईतील डॉक्टरांचे दुसरे मत पुढे करून आजाराचा मुद्दा मांडला गेला, तो टिकला नाही. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही ३० जुलैला तो आदेश कायम राहिला आणि मग गुन्हा नोंदला गेला.

परभणीचेही व्हिडिओ पुष्कळ फिरले. त्यांनी लोक जागे झाले, हे मान्य. पण न्यायालयात त्या माउलीच्या हाती होता तो सहीशिक्क्याचा अहवाल.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, असा प्रसंग कोणाच्या दारात आलाच तर काय करावे, ते ध्यानी ठेवा. (येऊ नये, पण वीज, विहीर, साप, समुद्र, सासर आणि कोठडी ही संकटे आपल्याच वस्तीला जास्त भेटतात.) अकस्मात मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात झालीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाप्रमाणे पोलिसांनी शेजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर देहाचा पंचनामा करायचा असतो, आणि तो अहवाल २४ तासांत जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायचा असतो. हे 'प्रतिष्ठित' म्हणजे पाटील-खोतच असे कायदा म्हणत नाही. वाडीतला शिक्षक, अंगणवाडी सेविका, गिरणीतून निवृत्त झालेले आजोबाही पंच होऊ शकतात. पंचाने देह स्वतः पाहावा, दोरीची गाठ, अंगावरच्या खुणा, कपडे यांचे वर्णन लिहिले का ते वाचावे आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर मुळीच नाही. लग्नाला सात वर्षे पुरी न झालेल्या बाईने आत्महत्या केली, किंवा त्या काळात तिचा मृत्यू संशयास्पद झाला किंवा नातेवाइकाने मागणी केली, तर देह शवविच्छेदनाला पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सासरच्यांनी कितीही गयावया केली तरी 'आजारी होती' म्हणून अग्नी देऊ देऊ नका.

कोठडीतला मृत्यू असेल तर कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि शक्य असेल तेव्हा नातेवाइकांना तिथे हजर राहू द्यायचे असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९३ मध्येच सांगितले आहे की अशा मृत्यूची खबर आयोगाला २४ तासांत मिळाली पाहिजे, आणि १९९५ पासून अशा शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याची सूचना आहे. चित्रीकरण झाले का, हे लेखी विचारा. तोंडी विचारले तर उत्तरही तोंडीच मिळते.

मुंबईचे चाकरमानी रात्रीच्या गाडीने निघालेले असतात आणि सकाळी सगळे आटोपावे अशी घाई असते. ही घाई आम्ही समजू शकतो. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयात रात्रीही शवविच्छेदन करता येते, पण खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असेल तर कायदा-सुव्यवस्थेचे कारण नसताना ते रात्री करत नाहीत. अशा वेळी सकाळपर्यंत थांबावे, अहवालाच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेतले दोन लाख रुपयेही याच कागदांवर अवलंबून असतात.

मृताचा फोटो काढायचाच असेल तर आंघोळ घालण्यापूर्वी, संपूर्ण अंगाचा, घरच्याच जबाबदार माणसाने काढावा आणि वकिलाकडे द्यावा, ग्रुपवर टाकू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, जाळू नयेत. पोलिसांनी ते जप्त केले नसतील तर सावलीत वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता, कागदात गुंडाळून ठेवावेत आणि लेखी पोच घेऊन पोलीस ठाण्यात जमा करावेत.