सुपारी कोणाची?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७ चा औद्योगिक तंटा कायदा हे तिन्ही इतिहासजमा झाले. या संहितेवर मालकवर्ग संतुष्ट आहे आणि बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटना रुष्ट आहेत. संपाच्या नोटिशीची मुदत, मान्यताप्राप्त युनियनसाठी घातलेली ५१ टक्क्यांची अट, तीनशे कामगारांपर्यंतच्या कारखान्यांना मिळालेली कपातीची मोकळीक, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आणखीही लिहिले जाईल. आम्हाला आज वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते तिच्या शेवटी दिलेल्या शिक्षांच्या कोष्टकाकडे. कायद्याचे खरे मन त्याच्या उद्देशिकेत नसते, दंडाच्या कलमात असते.

बेकायदेशीर संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० पासून १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा एक महिना कैद, किंवा दोन्ही. अशा संपाला चिथावणी देणाऱ्याला, म्हणजे व्यवहारात पुढाऱ्याला, १०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा तीच कैद, किंवा दोन्ही. आता दुसरी बाजू पाहावी. ‘युनियनमध्ये गेलास तर कामावरून काढीन’ अशी धमकी देणे ही या संहितेच्या भाषेत अनुचित कामगार प्रथा होय. पहिल्या खेपेस तिला १०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु कैद नाही. आणि ज्या अपराधाला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, तो कमाल दंडाची निम्मी रक्कम भरून मिटविण्याची सोयही संहितेनेच करून ठेवली आहे. धमकीची किंमत अशी आगाऊ ठरलेली असली म्हणजे ती खर्चाच्या खात्यात कोठे मांडावयाची एवढाच प्रश्न उरतो, आणि तो हिशेबनीस सोडवू शकतो.

कोणी म्हणेल, कामावरून काढण्याची धमकी वेगळी आणि जिवावर उठणे वेगळे. कायद्याच्या पुस्तकात ती दोन वेगळी आहेत हे खरे. परंतु या देशात कामगार पुढाऱ्यांचे जे खून झाले, त्यांची कहाणी नेहमी पहिल्या प्रकारच्या धमकीपासूनच सुरू झालेली दिसते. शंकर गुहा नियोगी यांचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

दल्ली-राजहरा हे नाव गोमंतकीय वाचकांस कदाचित परके वाटेल, पण तेथील लाल धूळ परकी नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या या खाणींत ठेकेदारांचे हजारो मजूर हाताने खनिज फोडीत आणि ट्रक भरीत. त्याच खनिजावर काम करणारा कायम कामगार आणि हा ठेक्याचा मजूर यांच्या वेतनांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. भिलाईच्या कारखान्यातून बडतर्फ झालेले आणि आणीबाणीत मिसाखाली तुरुंग भोगून आलेले नियोगी १९७७ साली या मजुरांचे पुढारी झाले. त्याच वर्षी २ जूनच्या रात्री पोलिसांनी त्यांना अटक केली. मजुरांनी त्यांच्या सुटकेसाठी पोलिसांनाच वेढा घातला, तेव्हा झालेल्या गोळीबारात ११ जण ठार झाले. आणीबाणी उठून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. स्वातंत्र्य परत आले म्हणून देशभर आनंदीआनंद चालला होता, त्या दिवसांतील ही गोष्ट.

पुढील चौदा वर्षांत या युनियनने जे केले ते पाहिले म्हणजे ‘कामगार पुढारी’ या शब्दाबरोबर सुशिक्षितांच्या मनात जे चित्र उभे राहते ते पुसून टाकावे लागते. दारूमुळे घरे बुडतात म्हणून युनियनने दारूबंदीची चळवळ चालविली, आणि दारूच्या ठेकेदारांचे शत्रुत्व ओढवून घेतले. मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ साली शहीद इस्पितळ उभे केले. १९७७ च्या गोळीबारात पडलेल्यांचे ते स्मारक होय, आणि ते आजही चालू आहे. खाणीत यंत्रे आणण्याचा प्रश्न आला तेव्हा नियोगींनी यंत्रांना सरसकट विरोध केला नाही. उत्पादन वाढावे पण हातांचे काम जाऊ नये, असा अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय त्यांनी आकडेमोडीसह मांडला. आमच्या खाणमालकांनी आणि खाणकामगारांच्या पुढाऱ्यांनीही तो त्या काळी वाचावयास हवा होता.

१९९० पासून नियोगींनी भिलाईच्या आसपासच्या खाजगी कारखान्यांतील ठेका-मजुरांत काम सुरू केले. मागण्या काय होत्या? जगण्यापुरते वेतन, आठ तासांचा दिवस, कायम स्वरूपाच्या कामावर कायम नेमणूक आणि हजेरीचे कार्ड. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नव्हती. बहुतेक कायद्यात आधीच लिहिलेल्या होत्या. पण युनियनमध्ये नाव घालणाऱ्यांना कामावरून काढण्याचा सपाटा सुरू झाला. मग कार्यकर्त्यांवर गुंडांचे हल्ले झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांचे दप्तर उघडून नियोगींना अटक झाली. सुटल्यावर सप्टेंबरमध्ये ते मजुरांचे शिष्टमंडळ घेऊन दिल्लीस गेले आणि राष्ट्रपती व्यंकटरमण यांना निवेदन देऊन परत आले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटेपूर्वी, भिलाई येथे झोपेत असताना, खिडकीतून झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. आपला खून होणार अशी शंका त्यांनी डायरीत लिहून ठेवली होती आणि ध्वनिफितीवर बोलूनही ठेवली होती. राष्ट्रपतिभवनापर्यंत जाऊन आलेला मनुष्य आपल्या मरणाची पूर्वसूचना देतो, आणि त्याच्या दारात एक शिपाई उभा राहत नाही!

तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. १९९७ साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यास फाशी व दोन उद्योगपतींसह पाच जणांस जन्मठेप सुनावली. १९९८ साली मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २००५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीची, गोळी झाडणाऱ्याची, सुटका रद्द करून त्याला जन्मठेप दिली. बाकीच्यांविरुद्ध कटाचा पुरावा अपुरा ठरला आणि त्यांची निर्दोष मुक्तता कायम राहिली.

न्यायालयाने ज्यांना निर्दोष ठरविले त्यांना आम्हीही निर्दोषच मानतो. यात आडपडदा नाही. परंतु ते निर्दोष आहेत असे एकदा मानले की पुढचा प्रश्न अटळ होतो. ज्याला शिक्षा झाली त्या मनुष्याचे नियोगींशी वैयक्तिक वैर असल्याचे कोणी म्हटलेले नाही. तो भाडोत्री होता. मग भाडे कोणी दिले? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या प्रश्नाचे एक उत्तर खोडले, प्रश्न खोडला नाही. खरे उत्तर शोधणे हे त्या दिवसापासून पुन्हा सरकारचे कर्तव्य झाले होते. वीस वर्षे उलटली. रायपुरात काँग्रेसची सरकारे आली, भाजपची आली. त्यांच्यापैकी कोणालाही ते दप्तर उघडावेसे वाटले नाही.

हा केवळ छत्तीसगढचा दोष म्हणावा तर मुंबईचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. डॉ. दत्ता सामंत हे आमच्या शेजारच्या मालवणातील देवबागचे. १९८२ च्या गिरणी संपात त्यांनी अडीच लाख कामगार बाहेर काढले. त्या संपाचे शहाणपण आणि त्याचा शेवट यांविषयी मतभेद आहेत, आमचेही आहेत. पण मुंबईच्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला प्रतिनिधित्वाचा मक्ता दिला होता आणि तो काढून घेण्याचा साधा सरळ मार्ग कामगारांच्या हाती नव्हता, हे त्या संपाचे मूळ विसरता येत नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईच्या घरून घाटकोपरच्या कचेरीकडे निघालेल्या सामंतांवर भर रस्त्यात गोळ्या झाडण्यात आल्या. खटल्याच्या पहिल्या फेरीत काही आरोपींना शिक्षा झाल्या. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्यावर आरोप ठेवण्यात आला तो छोटा राजन, खुनानंतर २६ वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये विशेष न्यायालयातून पुराव्याअभावी सुटला. महत्त्वाचे साक्षीदार उलटले होते. पुन्हा तेच: हात सापडला, तिजोरी सापडली नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावयास हवी. गिरणगावात रक्त सांडले ते एकाच बाजूचे नव्हते. ५ जून १९७० रोजी लालबागला आमदार कृष्णा देसाई यांचा भोसकून खून झाला तो राजकीय वैरातून. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली आणि त्या जमिनींच्या भावाबरोबर टोळ्यांचाही भाव वधारला. १९९४ साली खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांनाच महालक्ष्मीजवळ गोळ्या घालण्यात आल्या. सामंतांच्या अनुयायांनीही काही ठिकाणी हात उगारला होता, हे आम्ही लपवीत नाही. कामगाराने उगारलेला दगड पवित्र आणि मालकाने पाठविलेला गुंड तेवढा पापी, असे मानणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

मात्र कामगारांकडून हिंसा झाली असता कायदा किती लांबवर पोहोचू शकतो, याचे प्रात्यक्षिक आपण हरयाणात पाहिले आहे. १८ जुलै २०१२ रोजी मानेसरच्या मारुती कारखान्यात दंगा आणि जाळपोळ झाली, तीत कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी मृत्युमुखी पडला. घटना निंद्य होती. तिच्यासाठी १४८ कामगारांना पकडण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना वर्षानुवर्षे जामीन मिळाला नाही. २०१७ साली निकाल लागला तेव्हा ११७ जण निर्दोष ठरले. १३ जणांना खुनाबद्दल जन्मठेप झाली, आणि त्या तेरांत युनियनचे जवळजवळ सगळे कार्यकारी मंडळ आले. म्हणजे जमावाच्या कृत्यामागे पुढाऱ्यांचा हात शोधण्याची वेळ आली तेव्हा तपासयंत्रणेला तो सापडला. पुढाऱ्याच्या छातीत गेलेल्या गोळीमागचा हात शोधण्याची वेळ येते तेव्हाच तिची दृष्टी का मंदावते, याचा खुलासा एखाद्या निवृत्त पोलीस महासंचालकाने आत्मचरित्रात करावा. तेवढीच आशा आता उरली आहे.

नव्या काळात गोळीची गरजही कमी झाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवरील कुंडली येथे, थकलेली मजुरी मागणाऱ्या कामगारांच्या आंदोलनातील नौदीप कौर या तरुण कार्यकर्तीला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपासह तुरुंगात टाकण्यात आले. तिचा सहकारी शिवकुमार याला पोलिसांनी बेकायदा डांबून त्याचा छळ केला, असे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या चौकशीत निष्पन्न झाले. ठेकेदाराचा गुंड जे काम रात्री करीत असे ते दिवसाढवळ्या गणवेशात होऊ लागले, तर तक्रार कोणाकडे न्यावी?

आम्ही गोव्यात बसून हे का लिहावे? सालाझारच्या राजवटीत संप हा गुन्हा होता आणि चार माणसांनी सभेसाठी जमावयाचे तर पोलिसांची परवानगी लागे. युनियन काढण्याचा हक्क या भूमीला १९६१ च्या मुक्तीबरोबर मिळाला, आणि मुरगाव बंदरातील व खाणींवरील कामगारांनी तो वापरूनही दाखविला. आज वेर्णे-कुंडईच्या वसाहतींत काम करणारा मजूर बहुधा परप्रांतातून ठेकेदाराने आणलेला असतो. त्याला राहण्याची जागा ठेकेदाराची, वाण्याकडील उधारीही ठेकेदाराच्या शब्दावर. त्याने युनियनचे नाव काढले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम, खोली आणि उधारी तिन्ही एकदम जातात. येथे कोणाला पिस्तूल दाखवावे लागत नाही.

गोवा सरकारला संहिता बदलता येणार नाही, पण तिच्या अंमलबजावणीची यंत्रणा राज्याच्याच हातात आहे. युनियनच्या पदाधिकाऱ्याने किंवा युनियन बांधू पाहणाऱ्या साध्या कामगाराने धमकीची लेखी तक्रार दिली की कामगार अधिकाऱ्याने ती चोवीस तासांत पोलिसांकडे पाठवावी आणि तिची पोच तक्रारदाराला द्यावी, असा लेखी आदेश कामगार आयुक्तांनी काढण्यास केंद्राची परवानगी लागत नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य करून सर्व राज्यांवर बंधनकारक केली आहे. कामगार-प्रकरणांतील किती साक्षीदारांना ती आजवर लागू झाली, हा प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनात कोणीतरी आमदाराने विचारावा. उत्तर एका आकड्याचे आहे, आणि तो आकडा शून्य असेल तर तसे सभागृहाच्या नोंदीत येऊ द्यावे.