ओळंबा बापाच्या हाती, नकाशा मुलाच्या

दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा सुरू असते. हातात मार्कशीट आणि ओठावर एकच प्रश्न, "सर, आता पुढे काय?" यंदा एक गवंडी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा गणितात बरा, सुट्टीत बापाबरोबर साइटवर जाणारा. त्याने हळूच सांगितले, "मला बांधकामाचंच शिकायचंय." बाप एकदम चिडले. "सर, माझी उमर सिमेंटात गेली. हाताच्या भेगांत आजही मिरची झोंबते. पोरगा तरी पंख्याखाली बसू दे."

त्यांचे दुःख खोटे नव्हते, म्हणून आम्ही उपदेश केला नाही. फक्त विचारले, "भाई, खोलीचा कोपरा काटकोनात आहे हे तुम्ही कसे बघता?" ते म्हणाले, "एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. तिरपं अंतर पाच फूट आलं की गुण्यात." मुलगा हसला. हाच पायथागोरसचा सिद्धांत आम्ही त्याला वर्षभर फळ्यावर शिकवला होता.

मग ते स्वतःच बोलू लागले. गेल्या वर्षी प्लास्टरचे काम चौरस फुटावर घेतले होते. माप ठेकेदाराने मांडले, पैसे यांनी मोजून घेतले. रात्री मुलाने हिशेब केला, तेव्हा एक भिंत मापात धरलीच नव्हती असे निघाले. चार दिवसांची मजुरी गेली. हात कुशल होता, पण कागद दुसऱ्याकडे होता.

बांधकाम तंत्रज्ञ म्हणजे हा कागद वाचणारा माणूस. इंजिनिअर आणि कारागीर यांच्यामधला दुवा. नकाशाप्रमाणे आखणी करणे, माप घेणे, मालाचा हिशेब ठेवणे, काम तपासणे ही त्याची कामे. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून 162 ने भागला की एक मीटर सळईचे किलोतले वजन मिळते. 12 मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 0.89 किलो भरते. एवढे येणाऱ्याला कोणी सहज फसवत नाही.

पण खरी कसोटी दुसरीच आहे. स्लॅब भरताना माल पसरायला सोपा जावा म्हणून कोणीतरी जास्तीचे पाणी ओततो. त्याने काँक्रीटची ताकद घटते. स्लॅबवर निदान सात दिवस पाणी मारायचे, तर तिसऱ्या दिवशीच पाईप गुंडाळला जातो. अशा वेळी "थांबा" म्हणायची हिंमत तंत्रज्ञात हवी. त्या छपराखाली कोणाची तरी लेकरे झोपणार आहेत. ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यायचा आहे.

वाटा तीन. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स. किंवा गवंडीकाम, प्लंबिंग यांचे एक वर्षाचे ट्रेड. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे, डिप्लोमानंतर पदवीचीही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी मिळते आणि त्या काळात विद्यावेतनही. उर्दू माध्यमाच्या मुलांनी तीन रकान्यांची वही करावी : उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द लिहावेत. पहिल्या सहामाहीची निम्मी भीती त्यानेच जाते.

अडचणीही सांगायला हव्यात. सुरुवातीचा पगार थोडा असतो, ऊन फार असते, कामाची वेळ ठरलेली नसते. पण ही भट्टी दोन-तीन वर्षे सोसली की अनुभवाला किंमत येते. आखाती देशांत जायचे असेल तर दहावी पास असणे महत्त्वाचे, कारण दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का बसतो आणि कामासाठी निघताना वेगळी परवानगी घ्यावी लागते. डिप्लोमा हाती असला तर मजुराच्या रांगेतून बाहेर पडता येते.

मुलींच्या आयांनीही हे वाचावे. नकाशे काढणे, अंदाजपत्रक करणे ही कामे कार्यालयात बसून होतात. चित्रकला आणि गणित दोन्ही आवडणाऱ्या मुलीला ड्राफ्ट्समन सिव्हिल शोभून दिसेल.

गवंडी भाईंना आम्ही आणखी एक गोष्ट विचारली, "बांधकाम कामगार म्हणून तुमची नोंदणी आहे?" नव्हती. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेले असेल, तर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणासाठीही मंडळाच्या योजना आहेत. तीस वर्षे भिंती बांधणाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते.

हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल (अलै.) यांनी काबागृहाच्या भिंती आपल्या हातांनी उभारल्या. मस्जिद-ए-नबवी बांधताना अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) स्वतः विटा वाहिल्या. ज्या कामाला एवढा मान, ते करणारा बाप मुलापुढे मान खाली का घालतो?

चार दिवसांनी ते पुन्हा आले. हातात मुलाच्या दाखल्यांच्या झेरॉक्स. "डिप्लोमाचा फॉर्म भरू," म्हणाले. "पण सुट्टीत माझ्याबरोबर येईल हां, सर. ओळंबा धरायला मीच शिकवणार."

आम्ही म्हणालो, "भाई, तो विषय आमच्याकडे नाहीच."